मागच्यांना पुढे जाऊ द्या

गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात ती प्रचंड, जुनी गोरखचिंच आहे ना, त्याच आवारात गोल्फचं मैदान आहे. आमच्या चौकडीत सगळ्यात संथ मीच. गेल्या रविवारी माझा चेंडू झुडपात गेला. आम्ही चौघं वाकून काठ्यांनी गवत चाळवतोय आणि मागे दोन तरुण कमरेवर हात ठेवून उभे. शेवटी कॅडीच म्हणाला, ‘साब, उनको जाने देव ना.’

लाज वाटली. हे त्याला सांगावं का लागलं? चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, 2019 पासून तीनच. फटकाही 40 सेकंदांत मारावा, अशी शिफारस आहे. झाडांतून तबकडी फेकत ती साखळ्यांच्या टोपलीत टाकायची, त्या डिस्क गोल्फमध्येही मागच्या वेगवान गटाला वाट देण्याचा रिवाज आहे. पुढचं मैदानच भरलेलं असेल तर वाट देऊन उपयोग नाही, हे खरं. पण पुढे मोकळं असताना मागच्यांनी खाकरायची वाट कशाला पाहायची? संथ असणं हा गुन्हा नाही. मागे वळून न पाहणं मात्र मला उद्धटपणाच वाटतो. (आणि वाट दिली की गप्प उभं राहावं, ते पुरेसे लांब जाईपर्यंत फटका मारू नये.)

आम्ही बाजूला झालो. दोघं झपाझप पुढे गेले. जाताजाता एकानं बोट दाखवलं, ‘अंकल, वो रहा आपका बॉल.’