इंजिनाला मेकअप नको

परवा रात्री घरच्या ग्रुपवर जे रणकंदन झालं, त्याला तिथेच उत्तर देणं मला जमलं नाही. (तिथे कोणी चार ओळींपलीकडे वाचत नाही आणि मला चार ओळींत थांबता येत नाही.) म्हणून इथे लिहितोय. नातेवाईक मंडळींनी हे आपल्यालाच उद्देशून आहे असं खुशाल समजावं. बाकीच्यांनी गंमत म्हणून वाचावं.

विषय अण्णांच्या बुलेटचा. १९७४ ची गाडी, ३५० ची म्हणतात, कागदावर ३४६ सीसी. मे महिन्यात पुतण्याचं लग्न आहे आणि नवरदेव याच बुलेटवरून मांडवात येणार असं ठरलंय. इथवर माझी काहीच हरकत नाही. अण्णा असते तर त्यांनीच किक मारून दिली असती. पण पुढचा ठराव असा की गाडी एका गॅरेजात द्यायची, इंजिनाचे चेंबर बफिंग करून आरशासारखे चकचकीत करायचे, ब्लॉक ग्लॉसी काळा करायचा आणि फिन्सच्या कडा सोनेरी. का, तर "नव्यासारखी दिसली पाहिजे".

अरे, पण का? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने नव्यासारखं दिसावं असा हट्ट आपण धरत नाही. मग गाडीनेच काय घोडं मारलंय?

आधी साधी गोष्ट समजून घ्या. या इंजिनात दोन धातू आहेत. ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. त्याला गंज चढतो, म्हणून त्याला रंग हवाच. त्याखालचे चेंबर, वरचं हेड, शेजारचा गिअरबॉक्स हे सगळं ॲल्युमिनिअमचं. ते गंजत नाही. हवा लागली की त्याच्यावर आपोआप एक पातळ थर बसतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. तो मळकट राखाडी रंग म्हणजे घाण नव्हे, ती त्या धातूची कातडी आहे. तेव्हा लोखंडाला रंग आणि ॲल्युमिनिअमला फक्त आंघोळ, एवढाच माझा सिद्धांत.

आणि लोखंडाचा रंगही कसा हवा? पातळ. फिन्स असतात त्या हवेला उष्णता देण्यासाठी. त्यांच्यावर रंगाचे जाड थर चढवायचे म्हणजे चैत्रातल्या उन्हात एखाद्याला गोधडी पांघरायला लावायची. त्यातून रंग साधा ऑइलपेंट असेल तर विचारूच नका. आधी वास मारतो, मग पिवळा पडतो, मग पापुद्रे सुटतात.

हे मी पुस्तकी सांगत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तेव्हा अण्णांच्या गाडीचा ब्लॉक मी आपल्याच अंगणात रंगवला. तुम्हाला कोणाला कळलंसुद्धा नाही, यातच माझं यश आहे. टाकी, सायलेन्सर, कार्ब्युरेटर उतरवले, उघडी तोंडं कापडाने घट्ट बंद केली. डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन दोन दिवस फिन्समधली ग्रीस आणि माती काढली. वायर ब्रशने गंज खरवडला, पॉलिश पेपर फिरवला, थिनरने पुसून घेतलं. बाकी सगळं टेप आणि वर्तमानपत्राने झाकलं. मग उष्णता सोसणाऱ्या रंगाचे तीन पातळ हात, मध्ये वाळायला भरपूर वेळ देऊन. हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, त्याला भाजावं लागतं. म्हणून गाडी जोडल्यावर पाच मिनिटं चालू केली, पूर्ण गार होऊ दिली. मग दहा मिनिटं, परत गार. मग साकुरीपर्यंत एक चक्कर. थोडा धूर आणि वास आला, आणि संपलं.

या चार दिवसांत मला जे कळलं ते गॅरेजच्या बिलावर कधीच लिहून आलं नसतं. हेडखालच्या पॅकिंगमधून तेल पाझरतंय, एक नट मागे कधीतरी चुकीच्या मापाचा बसवलाय. धुतलेलं इंजिन खरं बोलतं. रंगवलेलं इंजिन लग्नापुरतं गप्प बसतं.

मामेभावाच्या गाडीचं काय झालं ते आठवतंय ना? गॅरेजचं नाव घेत नाही. काळं-सोनेरी इंजिन घेऊन आला तेव्हा सगळ्यांनी फोटो काढले. चेंबर न खोलताच सँडब्लास्टिंग केलं होतं, बारीक वाळू आत गेली आणि पावसाळ्याच्या आत बेअरिंगांनी गळा काढला. शिवाय बफिंगमध्ये चेंबरवर ठोकलेला इंजिन नंबर इतका पुसट झाला की आरटीओत सिद्ध करता करता नाकी नऊ आले. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला, त्यातही मूळ रूप टिकवण्याचीच अट आहे. उद्या आपल्याला ती नोंदणी करावीशी वाटली, तर नंबर कुठून दाखवणार?

"पण लोक काय म्हणतील?" असं काकू म्हणाल्या. काकू, आपण शिर्डीत राहतो. गावात संगमरवर आणि ग्रॅनाइटची काही कमी नाही. पण द्वारकामाईत बाबांचं जातं आहे, ते कोणी ऑइलपेंटने रंगवलंय का? त्याच्यावर चकाकी नाही म्हणून एकही भक्त नाक मुरडत परत गेला नाही. कोल्हापूरला २०१५ मध्ये अंबाबाईच्या मूर्तीचं संवर्धन झालं तेव्हा मूळ रूपावर केवढा वाद झाला! गाडी काही देव नव्हे, मान्य. पण वस्तू वापरून झिजते त्यात वापरणारा उरतो, हे तर दोन्हीकडे सारखंच.

उलट टोकाच्या लोकांशीही माझं भांडण आहे. गंजलेला ब्लॉक तसाच ठेवून "ओरिजिनल आहे" म्हणणं हा आळस आहे, प्रेम नव्हे.

आता शेवटचं. या गाडीचा गिअर उजव्या पायाला आहे. गिअरबॉक्सच्या झाकणावर एक रुपयाएवढी जागा गुळगुळीत, चमकदार झालीय. ती बफिंगने झालेली नाही. अण्णांच्या चपलेने झालीय, राहात्याच्या बाजारात आणि लोणीच्या कारखान्यावर जाऊन येऊन. बफिंगचं चाक फिरलं की सगळं झाकण तसंच चमकेल आणि ती जागा कुठे होती हे कुणालाही सांगता येणार नाही.

तेव्हा ठराव रद्द समजावा. लग्नाच्या आदल्या दिवशी मी गाडी धुऊन, पुसून, तेल बघून देईन. हार घाला, फुगे बांधा, फटाके वाजवा. किल्ली मात्र तोवर माझ्याकडे राहील.