भंगारात घालू नका हो!

आमच्या नात्यागोत्यात सध्या एक साथ आलीये. ज्याला त्याला आपला पीसी अचानक 'म्हातारा' झाल्याचा साक्षात्कार होतोय! आत्तापर्यंत तीन घरांतून विचारणा झाली, "अरे, हा कोणाला देऊ, की भंगारात घालू?" बिघडलंय काय, तर काहीच नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, बसत नाहीत. झालं! कालचा धडधाकट गडी आज बाद.

मला राग येतो तो याचाच. मदरबोर्ड जळला तर समजू शकतो. पण यादीत नाव नाही म्हणून चालतं मशीन फेकायचं? आणि ते फेकतो कुठे आपण? भंगारात गेलेल्या वायरी तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात. तो धूर कोणाच्या तरी पोरांच्याच नाकात जातो.

यावर ठरलेलं उत्तर, "लिनक्स टाक म्हणशील, पण मुलांचे गेम्स कुठे चालतात त्यावर?" मंडळी, हे पंधरा वर्षांपूर्वी बरंचसं खरं होतं. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा 'वाईन' प्रकल्प १९९३ पासूनचा. त्याच्या पायावर व्हॉल्व कंपनीने २०१८ मध्ये 'प्रोटॉन' आणलं, म्हणजे गेम आणि लिनक्स यांच्यातला दुभाष्याच म्हणा ना. २०२२ मध्ये त्यांनीच काढलेला स्टीम डेक तर मुळातच लिनक्सवर चालतो.

माझा पीसी २०१६ चा. सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, लिनक्स मिंट आणि स्टीम टाकलं. खर्च काय तो एसएसडीचा. स्टारड्यू व्हॅली, हॉलो नाइट झकास चालतात, सेटिंग्ज जरा उतरवली की पोर्टल २ पण. सुपरटक्सकार्ट आणि वेस्नॉथ तर फुकट, जाहिरातींची कटकटही नाही.

आता खोटं कशाला बोलू? व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट नाही चालत. त्यांची चोरी पकडणारी यंत्रणा लिनक्सवर चालू द्यायची नाही, असं त्या कंपन्यांनीच ठरवलंय. नवे भारी गेम्सही विसरा. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या पीसीवर प्रोटॉनला लागणारं व्हल्कन धड मिळत नाही. तिथे डॉसबॉक्समधले जुने गेम्स आणि हे फुकटचे, एवढ्यावरच भागवायचं. चिरंजीवांना फक्त व्हॅलोरंटच हवं असेल, तर माझा सल्ला तुमच्या कामाचा नाही.

पण बाकीच्यांनो, निदान बघून तरी घ्या की! मिंट पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं. पटलं तर फोटो आणि कागदपत्रं आधी दुसरीकडे कॉपी करा, मगच पुढे जा. आणि हे काम पोरांनाच करू द्या. स्वतः उभं केलेल्या मशीनवर खेळण्याची मजा दुकानातून आणलेल्या डब्यात नाही.

अडलात तर हाक मारा. पेन ड्राइव्ह माझा, चहा तुमचा.