ओळखीऐवजी अर्ज

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ राजधानी झाली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांतून बदली होऊन आलेल्या मराठी कर्मचाऱ्यांनी येथे बिऱ्हाडे थाटली. आपल्यापैकी अनेक घरांची भोपाळची कहाणी तेथूनच सुरू होते. आपले वडील-आजोबा फायलींवर टिपणी लिहिणारे. साहजिकच काम अडले की "त्या विभागात आपले काका आहेत" एवढे म्हटले तरी भागत असे.

ते काका आता निवृत्त झाले, कित्येक तर हयातही नाहीत. आपली सवय मात्र सुटलेली नाही.

आपल्या एका सभासदांनी वडिलांच्या पश्चात घराच्या नामांतरणाचा अर्ज एका कार्यालयात दिला. वर्षभर हेलपाटे घातले. 'साहेब दौऱ्यावर आहेत', 'फाइल वर गेली आहे' आणि शेवटी 'फाइल सापडत नाही', अशी उत्तरे मिळाली. मग ओळख शोधण्यात दोन महिने गेले. अखेर त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली एक पानी अर्ज दिला. माझा अर्ज कोणत्या तारखेस कोणाकडे होता व त्यावर कोणती टिपणी झाली, एवढेच विचारले. महिन्याच्या आत उत्तर आले आणि फाइलही सापडली!

हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. तो सुखासुखी मिळालेला नाही. राजस्थानात मजूर-शेतकऱ्यांनी १९९६ मध्ये ब्यावर येथे धरणे धरले. त्याच सुमारास, तेव्हा आपल्याच राज्यात असलेल्या बिलासपूर विभागात आयुक्त हर्ष मंदर यांनी रेशनच्या नोंदी लोकांना खुल्या केल्या. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांना २००३ मध्ये उपोषणास बसावे लागले. रोजंदारीवरच्या माणसांनी हिशेब मागितला आणि पदवीधर असलेले आपण मात्र संकोचतो, हे बरे नव्हे.

अर्ज सोपा आहे. भोपाळमध्ये तो हिंदीत किंवा इंग्रजीत करावा, संबंधित कार्यालयाच्या लोक सूचना अधिकाऱ्यास उद्देशून. शुल्क दहा रुपये. माहिती कशासाठी हवी, हे सांगावे लागत नाही. बँकेत पासबुक भरून घेताना कारण कोणी विचारते का? 'असे का झाले' असे न विचारता कागद मागावा: आदेशाची प्रत, मोजमाप पुस्तिका, देयक. पोच जपून ठेवावी. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे पहिले अपील व त्यानंतर राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. विनाकारण माहिती अडविणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

अडचणी नाहीत असे नाही. दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील आठव्या कलमात बदल केल्याने व्यक्तिगत माहिती नाकारणे कार्यालयांना सोपे झाले आहे. परंतु आपल्या गल्लीतील नाल्यावर किती खर्च झाला, ही काही कोणाची व्यक्तिगत बाब नव्हे. वापरात नसलेला अधिकार कमी करणे सरकारला नेहमीच सोपे जाते, हेही ध्यानात ठेवावे.

"उगाच वैर कशाला?" असे ज्येष्ठ म्हणतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, हिशेब मागणे म्हणजे वैर नव्हे. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत सभासद हिशेब विचारतात, तेव्हा कोषाध्यक्ष रागावत नाहीत, वही उघडतात. नगर निगमाकडूनही आपली एवढीच अपेक्षा आहे.

प्रत्येक वसाहतीतील चार कुटुंबांनी एकत्र बसून आपल्या वॉर्डाचा एकच प्रश्न निवडावा आणि या महिन्यात एक अर्ज द्यावा. वाडवडिलांनी या शहराच्या फायली लिहिल्या. त्या उघडून पाहण्याचे काम आता आपले आहे.