1 मार्चला आमचं गाव कुठे असतं?

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवतो. लोकसंख्येचा पाठ आला की मुलं घनतेची व्याख्या घडाघडा म्हणतात. आकडेही पाठ असतात: महाराष्ट्र 365, गडचिरोली 74, मुंबई उपनगर वीस हजारांच्या वर, आपलं बीड 242. हे सगळे 2011 च्या जनगणनेचे. मी फळ्यावर 242 लिहितो, त्याखाली तारीख लिहितो, 1 मार्च 2011, आणि विचारतो, ‘त्या दिवशी तुमचे आईवडील कुठे होते?’

वर्ग गप्प होतो. उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. ऊसतोडीला, फडावर.

आमच्याकडे दसरा झाला की मुकादमाचा ट्रॅक्टर दारात येतो. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, चूल, भांडी, कोंबड्या आणि लेकरं, सगळं एकाच ट्रॉलीत. दिवाळीनंतर अर्ध्याहून अधिक घरांना कुलपं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचं गाळप संपेपर्यंत, ती तशीच राहतात. मार्च सरतो, कधी एप्रिलही. जनगणनेचा संदर्भ दिवस, 1 मार्च, नेमका या काळात पडतो.

2011 च्या फेब्रुवारीत मी स्वतः प्रगणक होतो, माझ्याच गावात. नियम स्पष्ट होता: गणनेच्या पूर्ण काळात जो माणूस घरी नाही, त्याला घरच्या पत्त्यावर मोजायचं नाही, तो जिथे राहतोय तिथे त्याची नोंद व्हायची. नियम चुकीचा नव्हता. पण ओळीनं चौदा घरांना कुलपं असलेल्या गल्लीत मी उभा होतो आणि माझ्या कागदावर लिहिण्यासारखं काही नव्हतं. पंधराव्या घरी एक आजी ओट्यावर बसली होती, मांडीवर नातू. म्हणाली, “मास्तर, माझी दोन्ही पोरं, सुना गेल्यात. पाडव्याला येतेल. तव्हा ये की मोजायला.” मी आजीला आणि नातवाला मोजलं आणि पुढे गेलो. पाडव्यानंतर लोक परतले तेव्हा मुद्दाम चौकशी केली, तिकडे कोणी मोजायला आलं होतं का? ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांनी नकारार्थी मान हलवली. पहाटे तीनला फडात जायचं, अंधार पडल्यावर परतायचं. दिवसा कोपीत असतं कोण?

मी स्वतः सहावीपर्यंत कोल्हापूरकडच्या फडावर वाढलो. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर चटई आणि वर पाचट. आत शिरायचं तर वाकूनच. आई उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायची, तेव्हा फळी मधोमध वाकायची. मी श्वास रोखून बघत राहायचो. आमच्या धंद्यात नवराबायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, एकट्या माणसाला म्हणतात अर्धा कोयता. म्हणजे आईशिवाय बापाला पुरती उचलसुद्धा मिळत नाही.

आता जनगणनेचा स्थलांतराचा प्रश्न घ्या. कारण कोणतं? काम, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबासोबत आले. बाईच्या नावापुढे प्रगणक अनेकदा न विचारताच ‘लग्न’ किंवा ‘कुटुंबासोबत’ लिहून मोकळा होतो. आपल्या देशात बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न, हे वाक्य मुलं त्यावरूनच पाठ करतात. ते खोटं नाही. पण दिवसभर ऊस तोडणारी माझी आई ‘कुटुंबासोबत आली’ असं कोणी लिहिलं, तर ते मी मान्य करणार नाही.

भूगोलतज्ज्ञ रॅव्हनस्टाइननं 1885 साली ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच जातात, प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो, हे त्याचंच निरीक्षण. पुढे ढकलणारे आणि ओढणारे घटक आले. कोरडवाहू रान ढकलतं, पश्चिम महाराष्ट्रातला कारखाना ओढतो. परीक्षेपुरतं हे ठीक आहे. पण उचल कुठे बसवायची? पावसाळ्यात घेतलेला पैसा पोरीच्या लग्नात, दवाखान्यात संपलेला असतो. दसऱ्याला माणूस जातो तो फेडायला. या उचलीला ढकलणं म्हणायचं की ओढणं, यावर माझ्या वर्गात तासभर वाद झाला होता. मला ती दावणीची दोरी वाटते. तिला पुस्तकात वेगळं नाव मिळायला हवं.

म्हणून मी मुलांना गावाचे दोन लोकसंख्या मनोरे काढायला लावतो, एक ऑगस्टचा, एक जानेवारीचा. जानेवारीच्या मनोऱ्याला वर म्हातारी माणसं, खाली थोडी लेकरं आणि कंबरच नाही. एका मुलीनं मधली जागा कोरी ठेवून तिथे फक्त कारखान्याच्या गावाचं नाव लिहिलं होतं. आठवडी बाजाराचंही तसंच. भूगोलतज्ज्ञ क्रिस्टालरनं 1933 मध्ये दाखवलं की कोणतीही सेवा टिकायला किमान गिऱ्हाईक लागतं. आमच्या बाजारात दिवाळीनंतर भांडेवाला येत नाही, कापडवाला पंधरा दिवसांनी फिरकतो. मुलं ओट्यावर बसून दुकानं मोजतात, तेव्हा त्यांना क्रिस्टालर कळतो.

गावाला एकच आकडा चिकटवणं मला घातक वाटतं. रेशनच्या धान्यापासून दवाखान्यापर्यंत बरंच काही अशा आकड्यांवर ठरतं. ज्या गावची माणसं सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे राहतात, त्या गावाला दोन आकडे हवेत.

पुढची जनगणना येते आहे. संदर्भ दिवस पुन्हा तोच, 1 मार्च, साल 2027. तेव्हाही गाळप चालू असेल. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगरकडच्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या मोजणीच्या गटात ऊसतोडीची वस्ती असेल तर दिवसा जाऊ नका, रात्री आठनंतर जा. कोप्या एकेक करून मोजा. आणि बाईला स्वतःला विचारा, ती कशासाठी आली आहे. ती ‘कामाला’ म्हणाली, तर तेच लिहा.