मी मागून जेवते!

‘तुम्ही बसा, मी मागून जेवते.’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोलले असेन, त्याचा हिशेब नाही. ते पहिल्यांदा कुणी मोडून काढलं ते अलास्कात, एका तंबूशेजारी.

२०२३ च्या ऑगस्टअखेरीस लेक, जावई, सहा वर्षांचा नातू आणि आम्ही दोघं अँकरेजहून भाड्याच्या गाडीनं निघालो. सेवर्डपर्यंतचा रस्ता सुमारे दोनशे किलोमीटरचा. सुरुवातीला बराच वेळ एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला डोंगर. डिकीत तंबू, छोटी शेगडी आणि माझ्या दशम्या, लसणाची चटणी, मेतकूट.

पहिला मुक्काम एक्झिट ग्लेशियरजवळ. तिथला नियम कडक होता. तंबूत अन्नाचा कण ठेवायचा नाही. रांधायचं, जेवायचं ते वेगळ्या शेडमध्ये, आणि जेवण झालं की उरलंसुरलं, भांडी, अगदी टूथपेस्टसुद्धा बंद कोठीत. कारण अस्वलं! मी सवयीनं म्हटलं, ‘तुम्ही बसा...’ लेक म्हणाली, ‘आई, इथे मागून-बिगून काही नाही. सगळे एकदम जेवणार, एकदम आवरणार.’ बसले. पण पहिला घास घेताना काहीतरी चुकल्यासारखंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी हिमनदी बघायला निघालो. वाटेत सालांच्या पाट्या लावल्यात. त्या त्या साली बर्फाची कड कुठवर होती, ते दाखवणाऱ्या. १९५१ च्या पाटीपाशी मी थबकले. माझ्या आईचं लग्न झालं ते साल. आता तिथे झाडं आहेत, बर्फ केवढा तरी मागे गेलाय. आदल्या दिवशी वाटेत पोर्टेजलाही हेच पाहिलं होतं. हिमनदी दिसावी म्हणून तिथे १९८६ साली पर्यटक केंद्र उघडलं. ती इतकी मागे सरकली, की आता तिथून दिसतच नाही.

बर्फ रोज थोडा थोडा जातो, म्हणून कळत नाही. आई तशीच गेली. सगळ्यांचं झाल्यावर पातेल्यात उरेल ते तिचं जेवण. भाजी संपली तर चटणी. डॉक्टरांनी ‘अंगात रक्तच नाही’ म्हटलं, तेव्हा आम्ही भावंडं चकित झालो. रोज समोर होती, पण तिच्या ताटात काय आहे, ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर रशियन नदीचा धबधबा बघायला तासाभराची पायपीट केली. पाण्यात सॉकआय सॅमन. अंग लालभडक, डोकं हिरवट. उड्या मारत, खडकावर आपटत, पुन्हा उडी. जावयांनी सांगितलं, गोड्या पाण्यात शिरल्यावर ही खाणं बंद करते. जिथे जन्मली तिथे जाते, शेपटीनं वाळूगोटे उकरून अंडी घालते आणि काही दिवसांत मरते. आमचे हे गहिवरले. ‘बघ, आई ही शेवटी आईच!’

मला राग आला. अहो, नरसुद्धा खात नाही. तोही तसाच खडकांवर आपटत येतो आणि मरतो. त्याला कुणी ‘बाप हा शेवटी बापच’ म्हणत नाही. शिवाय ही मादी इथे येण्याआधी दोन-तीन वर्षं समुद्रात पोटभर खाऊन आलेली असते. आपल्याकडच्या बाईला तो समुद्र कधी मिळतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, की २०१९-२१ मध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. कारणं पुष्कळ आहेत, मान्य. पण मागून, उरलेलं जेवणं हे त्यातलं एक नसेल, असं मला कुणी सांगू नये. आणि त्याला निसर्ग तर मुळीच म्हणू नये. माशाचं शरीर तसं घडलंय. आपण मात्र ही सवय लावून घेतली, आणि वर तिची आरती केली.

खरी अडचण आहे गरम पोळीची. सगळ्यांना तव्यावरची हवी, मग एकीला ओट्याशी उभं राहणं आलंच. घरी आल्यावर मी तो हट्टच बंद केला. पोळ्या आधी करायच्या, डब्यात ठेवायच्या, पानं सगळी एकदम घ्यायची. गेल्या रविवारी जाऊबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही बसा, मी वाढते.’ मी त्यांना हाताला धरून बसवलं.

‘पोळी गार आहे,’ हे म्हणाले.

‘आहे,’ मी म्हटलं, आणि दुसरी घेतली.