काढा, जीवाणू आणि पुरावा

मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या इरिनोटेकॅनने अनेक रुग्णांना इतके जुलाब होतात की मात्रा कमी करावी लागते, कधी उपचारच थांबवावे लागतात. यात आतड्यातल्या जीवाणूंचाही हात असतो. यकृत या औषधाचा जहाल अंश निकामी करून पित्तावाटे आतड्यात सोडते. तिथे जीवाणूंचे एक विकर त्याला पुन्हा जागे करते आणि आतड्याचे अस्तर सोलवटून निघते. येल विद्यापीठात युंग-ची चेंग यांच्या गटाने यावर सुमारे १८०० वर्षांपूर्वीचा चिनी काढा तपासला. त्यात हुआंग छिन या चिनी वनस्पतीचे मूळ, ज्येष्ठमध, पिओनीचे मूळ आणि चिनी बोरे असतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, गाठ असलेल्या उंदरांना इरिनोटेकॅनसोबत तो दिल्यावर अस्तर लवकर भरून आले, दाह वाढवणाऱ्या प्रतिकारपेशींची गर्दी ओसरली आणि गाठीवरचा मारा मात्र कमी झाला नाही. विलक्षण गोष्ट अशी, की काढ्यातली काही द्रव्ये त्याच जीवाणू-विकरामुळे प्रभावी होतात.

शतकानुशतके चालत आलेल्या औषधाला प्रयोग कशाला, असे काही जण विचारतील. पण वनस्पती परंपरेतली आहे म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या औषधात अ‍ॅरिस्टोलोकिया ही चिनी वनस्पती चुकून मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा दुसऱ्या बाजूचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्यावर उत्तर रुग्णांवरच्या काटेकोर चाचण्यांतूनच मिळेल, आणि त्यासाठी काढ्याची प्रत्येक खेप सारखी हवी. चेंग यांनी काढ्याच्या खेपांच्या रासायनिक तपासणीवर भर दिला तो यासाठीच.