उंची मोजावी की अंतर?

आपल्या विद्यालयाचा फुटबॉल संघ गेले दोन हंगाम तालुक्याच्या पुढे जाऊ शकलेला नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात या अपयशाची चर्चा झाली, तेव्हा एक सूचना आग्रहाने मांडली गेली : बचावफळीत उंच व धिप्पाड मुलेच घ्यावीत, ठरावीक उंचीखालील मुलांचा विचारच करू नये. सूचना करणाऱ्यांची तळमळ निर्विवाद आहे. तरीही ती स्वीकारली जाऊ नये, असे माझे नम्र मत आहे.

प्रथम त्या सूचनेतील तथ्य मान्य केले पाहिजे. कॉर्नरवरून उंच आलेला चेंडू डोक्याने परतवताना उंचीचा लाभ होतोच. परंतु आपण गमावलेले सामने मी मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिले आहेत. आपल्यावर झालेले बहुतेक गोल मुलांच्या डोक्यावरून नव्हे, तर दोन मुलांच्या मधून झाले. आपला प्रत्येक बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या एकेका खेळाडूमागे धावतो. तो खेळाडू बाजूला सरकला की हाही सरकतो आणि गोलासमोर वाट मोकळी होते. तिथे सहा फुटी मुलगा उभा केला, तरी तो एकटाच पडणार.

इटलीचा कर्णधार फॅबियो कॅनव्हारो मध्यभागी खेळणारा बचावपटू होता. उंची सुमारे 5 फूट 9 इंच. 2006 च्या विश्वचषकात त्याच्या संघाने 7 सामन्यांत केवळ 2 गोल स्वीकारले. त्यांतील एक स्वयंगोल, तर दुसरा अंतिम सामन्यातील पेनल्टीवरचा. त्याआधी अरिगो साकी या प्रशिक्षकाने एसी मिलान संघाला 1989 आणि 1990 असे सलग दोन वेळा युरोपियन चषक मिळवून दिले. साकी स्वतः कधीही व्यावसायिक फुटबॉल खेळले नव्हते. त्यांच्या बचावफळीचा आधारस्तंभ फ्रँको बरेसीही फारसा उंच नव्हता. मात्र त्याच फळीत उंच पाओलो माल्दिनीही होता. साकींनी खेळाडूंना माणूस नव्हे, तर जागा राखायला शिकवले. चेंडू जिकडे जाईल तिकडे चौघांनी एकत्र सरकायचे, एकत्र पुढे यायचे, एकत्र मागे हटायचे. सरावात ते चेंडूविनाच या हालचाली करून घेत.

आपल्यालाही हेच करता येईल. रोज वीस मिनिटे चेंडूविना सराव. चौघांतील अंतर दहा-बारा पावलांहून अधिक नको. कॉर्नरच्या वेळी मात्र आघाडीच्या उंच मुलांनी मागे येऊन मदत करावी. उंचीचा उपयोग करावा, पण तिला प्रवेशाची अट बनवू नये. हाच येथे मध्यम मार्ग होय.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. तेराव्या वर्षी बुटका दिसणारा मुलगा सतराव्या वर्षी वर्गात सर्वांत उंच असू शकतो. त्याला आज वगळले, तर तो पुन्हा मैदानाकडे फिरकेलच असे नाही. शिवाय आपल्या वसतिगृहात येणारी अनेक मुले ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवर राबणाऱ्यांची आहेत. त्यांच्या उंचीत त्यांच्या बालपणातील अपुऱ्या जेवणाचाही वाटा असतो. त्या उपाशी दिवसांची शिक्षा त्यांना येथे पुन्हा द्यायची काय? वसल सुत्तात तथागतांनी माणसाचे माप जन्मावरून नव्हे, तर कर्मावरून घेतले. ज्या संस्थेत हा विचार रोजच्या वंदनेनंतर समजावून सांगितला जातो, तिच्या मैदानावर निवडीची पहिली कसोटी मोजपट्टी असू नये.

मेळाव्यात अनेक बंधू-भगिनींनी संघासाठी देणगी जाहीर केली आहे. तिचा विनियोग दोन गोष्टींसाठी व्हावा, अशी विश्वस्त मंडळास विनंती आहे : एका हंगामापुरता प्रशिक्षित मार्गदर्शक आणि वसतिगृहातील सर्वच मुलांच्या ताटात रोज अंडे व दूध. हंगामाअखेर आपल्यावर झालेल्या प्रत्येक गोलाची नोंद तपासावी. ते गोल खरोखरच मुलांच्या डोक्यावरून झालेले आढळले, तर पुढील मेळाव्यात माझे मत चुकले असे मी सर्वांसमक्ष मान्य करीन.

तोवर मुलांची उंची मोजू नये. त्यांच्यातील अंतर मोजावे.